काळी पाचमधलं गाणं

फेब्रुवारी १९८९, मंगळवार, सकाळचे दहा वाजून पाच मिनिटं. नॅशव्हिलच्या एका स्टुडिओत, काचेच्या खोलीत उभी राहून डोरीन प्रूइट दुसऱ्या बाईचं गाणं गात होती. कंट्री गायिका टॅमरा हॉलिस हिच्या नव्या अल्बममधलं हे शेवटचं गाणं. टॅमरा दौऱ्यावरून दुपारी पोचणार होती. तोवर वादकांना आधाराला कुणीतरी गावं लागतं; ते काम डोरीनचं. मग गायिका येते, डोरीनचा आवाज पुसतात आणि त्या जागी तिचा भरतात. टॅमराच्या मागच्या अल्बमच्या दहा लाखांवर प्रती खपल्या. त्यातली निम्मी गाणी आधी डोरीन गायली होती.

डोरीन सत्तेचाळीसची. केंटकीहून इथे आली तेव्हा तिची स्वतःची रेकॉर्ड निघायची होती. रेकॉर्डआधी कंपनीच बुडाली. त्यानंतर तिचा आवाज दुकानापर्यंत कधी गेला नाही.

इथल्या वादकांच्या कागदावर सुरांची नावं नसतात. एक, चार, पाच असे आकडे असतात, म्हणजे कुणीही कुठल्याही पट्टीत गावं, कागद तोच चालतो. पट्टी तोंडी सांगायची. ती सांगणारा म्हणजे वादकांचा म्होरक्या, पियानोवाला वेंडल. गीतकाराने पाठवलेली नमुन्याची टेप त्याने आदल्या दिवशी ऐकली होती. ती डोरीननेच गायलेली, तिच्या पट्टीत, काळी पाचमध्ये. टॅमराची पट्टी पांढरी पाच, बरीच खाली. वेंडलच्या कानात टेप राहिली आणि त्याने काळी पाच सांगितली.

डोरीनला पहिल्याच सुराला कळलं. ती गात राहिली.

दुसऱ्या खेपेला गाणं झालं. स्टील गिटारवाला अर्ल म्हणाला, "बाई, आज खाऊन काय आलीस?"

"कालचा मक्याचा पाव."

"मग श्रेय त्याचं नाही."

दुपारी टॅमरा आली. ध्रुवपदाच्या वरच्या ओळीला तिचा आवाज फाटला. पुन्हा फाटला. निर्माता ग्रेडीने टेप थांबवून वेंडलकडे पाहिलं.

"वेंडल, ही कुणाची पट्टी आहे रे?"

वेंडलने कागद पाहिला, पियानो पाहिला. "चुकली माझी," तो म्हणाला. "पार चुकली."

"इतकी वर्षं वाजवतोस आणि..."

"सकाळचं लाव बघू," टॅमरा म्हणाली.

डोरीनचं गाणं लावलं. टॅमराने ते डोळे मिटून शेवटपर्यंत ऐकलं. "हे चांगलं आहे ग्रेडी. वरची ओळ डोरीनलाच राहू दे. खालची मी गाते. कव्हरवर नाव टाक तिचं."

ग्रेडीने मान डोलावली. वेंडल पियानोचं झाकण लावत होता.

"त्याला नका बोलू," डोरीन म्हणाली. "मला सकाळीच कळलं होतं."

"काय कळलं होतं?" टॅमराने विचारलं.

"पट्टी चुकलीय ते."

"मग बोलली का नाहीस?"

"माझी पट्टी होती."

टॅमराने कॉफीचा पेला हातात घेतला, प्यायली नाही.

"मीसुद्धा चार वर्षं दुसऱ्यांसाठी अशीच गायले," ती म्हणाली. "माझ्या वेळी कुणी पट्टी चुकलंच नाही. चुकलं असतं तर मीही गप्प बसले असते." मग ग्रेडीकडे वळली. "तरी पण हे गाणं खालीच पाहिजे. नवरा घर सोडून गेलाय, बाई मुलांना उठवायचं नाही म्हणून हळू बोलतेय. वर गेली की ती भांडायला लागते. परत वाजवा."

"आणि आधाराला?" ग्रेडीने डोरीनकडे न बघता विचारलं.

"ती आहे ना. आता पट्टी चुकली तर ती बोलेल."

"बोलेन," डोरीन म्हणाली.

वेंडलने सगळ्यांच्या कागदांवर शिसपेन्सिलने पट्टी लिहिली. दरवाजात तो डोरीनला म्हणाला, "सांगायची गरज नव्हती गं."

"माहितीय."

बुधवारी सकाळी दहा वाजता तेच गाणं, पांढरी पाच, आधाराला डोरीन प्रूइट. नवी टेप काढायची नाही, मंगळवारच्याच टेपवर, आधीचं पुसून भरायचं, असं ग्रेडीने सांगून ठेवलं आहे.