आमच्या साडूंनी सांगितलेला शेवट

आमच्या थोरल्या साडूंइतका भित्रा माणूस जळगावापासून धुळ्यापर्यंत दुसरा सापडायचा नाही. घरात कुकर लावला की तिसरी शिट्टी होईपर्यंत ते अंगणात जाऊन उभे राहत. एसटीत संकटकाळी बाहेर पडायच्या दाराशेजारचीच जागा धरत, आणि ते दार वाटेत आपोआप उघडेल म्हणून एरंडोल येईपर्यंत हाताने दाबून ठेवत. असा माणूस कलात्मक सिनेमाच्या नादी लागला याचं मला कायम नवल वाटे. जळगावच्या त्यांच्या मंडळात रविवारी सकाळी बारा-पंधरा माणसं परदेशी सिनेमे बघत. तिथेही फिल्म जळेल, वीज जाईल, ऐन शांततेत कुणी खोकेल, या धास्तीने साडू घामाघूम. पण शेवट गोड असलेल्या सिनेमाला ते सिनेमाच मानत नसत. "शेवट गोड केला म्हणजे प्रेक्षकाला फसवलं," हे ते माझ्या लग्नाच्या पंगतीतही वऱ्हाडी मंडळींना समजावत होते.

एकदा भडगावच्या एका शाळेत दुपारी सिनेमा दाखवायचं ठरलं. मदतीला मी होतो. लढाईवर गेलेल्या मुलाची आई रोज स्टेशनवर येऊन बसते, एवढीच गोष्ट. भाषा परकी, खाली इंग्रजी अक्षरं. म्हणून साडू पडद्याशेजारी उभे राहून थरथरत्या आवाजात सगळं अहिराणीत सांगत होते. वर्ग गच्च भरलेला. शेवटच्या रिळाचा डबा उघडला, तर आत काहीच नाही. रीळ जळगावलाच राहिलं होतं.

खिडक्या उघडल्या. माणसं उठून उभी राहिली, मागे कुणी तरी बाक आपटला. साडूंनी माझं मनगट घट्ट धरलं. "आता मारतील," ते पुटपुटले.

तेवढ्यात पुढच्या रांगेतली एक म्हातारी बाई त्यांच्यासमोर येऊन उभी राहिली.

"भाऊ, तिना पोऱ्या उना का नही? मना पोऱ्या बी सुरतले गया शे. तीन वरीस व्हयनात, चिठ्ठी नही."

सिनेमात त्या आईचा मुलगा शेवटी येत नाही, हे मला माहीत होतं. साडूंनी माझं मनगट सोडलं.

"उना, अक्का," ते म्हणाले. "सकायनी गाडीमा उना."

परतीच्या एसटीत त्यांनी नेहमीसारखं ते दार दाबून धरलं. मग म्हणाले, "घाबरलो हो मी."

"लोकांना?"

"नाही. त्या बाईंच्या तोंडाकडे बघायला."

पुढे घरोघरी टीव्ही आले आणि मंडळ बंद पडलं. भडगावचं कुणी भेटलं की साडू काही विचारायला तोंड उघडत आणि पाऊसपाण्याची चौकशी करून गप्प बसत. त्या बाईंचा मुलगा आला का, हे विचारायचं धाडस त्यांना अखेरपर्यंत झालं नाही. खरं सांगायचं तर मलाही.