ताप उतरवला कोणी, बाटलीने?

मैत्रिणींनो, डोकं अजून शांत होत नाहीये, म्हणून इथे लिहितेय.

परवापासून पुतणीला थंडी वाजून ताप येतोय. आज सकाळी मी आणि तिचे बाबा, म्हणजे माझे धाकटे दीर, तिला आमच्या राऊ गावच्या सरकारी दवाखान्यात घेऊन गेलो. डॉक्टरीणबाईंनी लगेच रक्त घेतलं. म्हणाल्या, "मलेरिया लग रहा है, रिपोर्ट आने दो, फिर दवा देती हूँ." पण रक्त तपासणारा माणूस एकच आणि गर्दी ही एवढी!

दीर उखडले. "वहिनी, पोरगी तापाने फणफणलीय आणि हे लोक साधी बाटलीसुद्धा लावत नाहीत!"

"भाऊजी, आधी आजार तर कळू द्या."

ऐकतील तर शपथ! तिला उचलून समोरच्या क्लिनिकमध्ये नेलं. तिथे काही न तपासता सलाईन सुरू.

मी मात्र रिपोर्टसाठी सरकारी दवाखान्यातच बाकावर बसून नामस्मरण करत राहिले. रिपोर्ट आला, मलेरियाच. बाई म्हणाल्या, "बच्ची को लाओ, वज़न देखकर गोली दूँगी." फोन केला तर दीर म्हणतात, "बाटली अर्धीच झालीय, पूरी तर होऊ द्या!"

ओपीडी बंद झाली, तरी त्या बिचाऱ्या थांबल्या. बाटली संपल्यावर दीर तिला घेऊन आले आणि गोळ्या सुरू झाल्या.

आता संध्याकाळी ताप जरा उतरलाय आणि दीर सगळ्यांना सांगताहेत, "बघा, बाटलीने उतरला! आता एवढ्या गोळ्या कशाला?"

गोळ्यांचं पाकीट मी माझ्या देवघरात ठेवलंय. पण कोर्स पूर्ण होईपर्यंत रोज भाऊजींशी भांडायचं का? तुमच्या घरी अशा माणसांना कसं समजावता?