भगवानरावांची भारी जमीन

फोटो आला तेव्हा मला वाटलं, कुणीतरी चुकून सरपणाचा फोटो पाठवला. मोठा करून पाहिला तर मोसंबीचं झाड होतं. फांद्या होत्या, पानं जवळजवळ नव्हतीच. खाली लिहिलं होतं, "म्याडम, तुमच्या ब्लॉगपरमानं ताण दिला. बराबर हाय ना?"

मी जालन्यात ड्रिपच्या दुकानात ऍग्रोनॉमिस्ट आहे. म्हणजे आमचे शेठ पाइप विकतात आणि त्या पाइपातून कधी, किती पाणी सोडायचं ते मी सांगते. फोटो पाठवणारे भगवानराव आमचं जुनं गिऱ्हाईक. राजूरच्या पुढे त्यांची बाग आहे. मी लगेच फोन लावला.

"पाणी किती दिवस तोडलं?"

"तुमी लिवलं तेवढंच. भारी जमिनीला जेवढं सांगितलं तेवढं."

"जमीन भारी आहे ना पण नक्की?"

"म्हंजे काय म्याडम. काळीभोर हाय."

मी फोटो पुन्हा मोठा करून पाहिला.

ताण म्हणजे काय ते आधी सांगते, नाहीतर माझी भीती कळायची नाही. मोसंबीला फुलं हवी असतील तर आधी काही दिवस तिचं पाणी तोडतात. झाड विसावतं, थोडी पानं गाळतं. मग पाणी दिलं की फुलून येतं. भारी काळी जमीन ओल धरून ठेवते, म्हणून तिथं ताण जास्त दिवस चालतो. हलक्या जमिनीत ओल टिकत नाही, तिथं लवकर पाणी द्यावं लागतं. पाव भाग पानं गळली तर समजायचं, काम झालं. सगळी गळली तर झाड फुलायच्या नाही, मरायच्या वाटेवर असतं. आणि भारी जमिनीत एवढ्या दिवसांत सगळी पानं गळत नाहीत. काहीतरी चुकलं होतं, आणि ते माझ्या लिहिण्यातही असू शकत होतं.

आता ब्लॉगचं. ब्लॉग म्हणजे इंटरनेटवरचं आपलं स्वतःचं पान. फुकटात सुरू करता येतं. आपण लिहायचं, नवीन लिहिलेलं वर येतं, जुनं खाली सरकतं पण जात नाही. कुणीही वाचावं, वाटलं तर खाली कमेंट लिहावी. लोक ब्लॉग का सुरू करतात याची कारणं माणसागणिक वेगळी. कुणाला जाहिरातीचे पैसे हवे असतात, कुणाला नाव. परतूरला माझी एक मैत्रीण आहे, ती नवऱ्याशी भांडण झालं की ब्लॉगवर पाककृती लिहिते. तिच्या ब्लॉगवर पाककृती पुष्कळ आहेत.

मी सुरू केला तो घसा वाचवायला. हिवाळा आला की फोनवर एकच प्रश्न, ताण किती दिवस द्यायचा. तेच तेच सांगून आवाज बसायचा. म्हटलं, एकदा नीट लिहू आणि लिंक पाठवू. पण लिहायला लागले आणि गोडी लागली. किती जणांनी वाचलं ते ब्लॉगच्या मागच्या बाजूला दिसतं. सकाळच्या चहाबरोबर तो आकडा बघायचा आणि खूष व्हायचं, अशी सवयच जडली.

त्या दिवशी तोच आकडा बघून मला धडकी भरली. तेवढ्या लोकांनी वाचलं होतं म्हणजे तेवढ्या बागा.

शेठना फोटो दाखवला. त्यांनी चष्मा कपाळावर चढवला.

"पोस्ट उडवा. जल्दी."

"शेठ, ज्यांनी वाचून पाणी तोडलंय त्यांना मग चूक कुठं सापडणार?"

"अन् हा मानूस मोबाईल दाखवत दुकानात आला मंग? बोर्डावर नाव माझं हाय."

"ब्लॉगवर माझं आहे."

"पगार कोन देऊन राह्यलं?"

शेठ वाईट नाहीत, आणि त्यांचं म्हणणंही खोटं नव्हतं. मी डिलीटच्या बटणापर्यंत गेले. तिथं बोट थबकलं. काय चुकलं तेच कळलं नाही तर उडवून उपयोग काय? "आधी बाग बघून येते," म्हटलं आणि स्कूटी काढली.

वाटेत गव्हाची रानं लागली, काळी, तुकतुकीत. मला धीर आला, अशा मातीत झाड तग धरतं. मग रस्ता सोडून स्कूटी चढाला लागली आणि धीर पुन्हा गेला. बाग चढावर होती, आणि चढावर माती पातळ असते.

भगवानराव आणि त्यांच्या घरच्या शांताबाई बांधावर वाट पाहत होते. भगवानरावांचा चेहरा उतरलेला. मी खाली पाहिलं. माती खरोखर काळी होती.

"पहार आहे का?"

"कायला?"

"खड्डा घेऊन बघू."

झाडाच्या घेराबाहेर त्यांनीच पहार मारली. वीतभर काळी माती निघाली. पुढच्या घावाला पहार खणकन वाजली. खाली पिवळट मुरूम होता, ओल न धरणारा.

"वर गाळ टाकलाय का?"

"तळ्याचा," भगवानराव म्हणाले. "लई खर्चा केल्ता."

"ही हलकी जमीन आहे, भगवानराव. वरून काळी केलीय."

त्यांनी पहार जमिनीत रोवली. पहारीवर हात ठेवून खालच्या गव्हाकडे बघत राहिले. बोलल्या त्या शांताबाई.

"वाटणीत थोरल्या दिराला ते खालचं रान गेलं, आमाला हे आलं. गाव हासलं. तवापासून ह्यांनी हिला हलकी म्हनलं न्हाई. पाव्हन्यालाबी भारीच सांगत्यात."

माझ्या पोस्टमध्ये सगळं बरोबर होतं. हलकी असेल तर इतके दिवस, भारी असेल तर तितके. भगवानरावांनी ते नीट वाचलं होतं आणि स्वतःला भारीत धरलं होतं. मी कॉलेजात माती शिकले. आपल्या रानाला हलकं म्हणणं माणसाला किती जड जातं, हे तिथं कुणी शिकवलं नव्हतं.

मी फांद्या नखाने खरवडू लागले. साल खरवडल्यावर आत हिरवं दिसलं तर फांदी जिवंत, तपकिरी दिसलं तर गेली. शेंडे तपकिरी. जरा खाली, तेही तपकिरी. मग बुंध्याजवळच्या जाड फांदीवर नख लावलं. आत हिरवं दिसलं. वरच्या कडेच्या ओळीत मात्र तेही दिसेना.

"आत्ताच मोटर लावून मोकळं पानी सोडतो," भगवानराव धावायच्या बेतात.

"बिलकुल नाही. एवढ्या कोरड्यावर एकदम पाणी दिलं तर मुळं जातील. आज अगदी हलकं. काही दिवसांनी थोडं जास्त."

"मंग जगतील?"

"माहीत नाही," मी म्हणाले. दुसरं काही बोलले असते तर ते खोटं झालं असतं.

दुकानात परतल्यावर पोस्ट उडवली नाही, पुन्हा लिहिली. हलकी आणि भारी हे दोन्ही शब्द काढून टाकले. पहिलीच ओळ केली, "आधी पहार घ्या आणि मुरूम किती खोल लागतो ते बघा." किती खोल असेल तर किती दिवस ते पुढे दिलं. सगळ्या गिऱ्हाइकांना लिंक पुन्हा पाठवली. शेठनी ती बघितली आणि बिलं लिहायला बसले.

भगवानरावांचा फोन येईना. मीही लावीना, कारण काय ऐकावं लागेल याची धास्ती. फोन वाजला की आधी नाव बघायचे, मग उचलायचे. स्वप्नातसुद्धा मी नखाने फांद्या खरवडत होते.

मग एका दुपारी फोटो आला. जाड फांदीवर मोहरीएवढे हिरवे कोंब. मी फोन शेठपुढे धरला. शेठनी चष्मा कपाळावर चढवून तो मोठा करून पाहिला.

वरच्या कडेची ओळ गेली ती गेलीच. बाकी बाग वाचली, पण यंदा तिला फळ नाही. भगवानरावांना फोन करून सांगितलं की पोस्ट बदलली आहे, तुमचं नाव कुठं येऊ दिलं नाही. त्यांनी विचारलं,

"तिथं खाली आमाला लिवता येतं का, म्याडम?"

"येतं की."

दुसऱ्या दिवशी पोस्टखाली कमेंट होती. नावानिशी, गावानिशी. गावात त्यांच्या थोरल्या भावासकट सगळे ब्लॉग वाचतात, हे त्यांना ठाऊक होतं. लिहिलं होतं, "माझी जमीन हलकी हाय. म्या भारी सांगितली. माझी झाडांची एक वळ गेली. तुमी खंदून बघा."

शेठनी ती दोनदा वाचली. "हे उडवू नका," म्हणाले आणि पाइप मोजायला गेले.

मी पोस्टमध्ये काय लिहिलंय ते आता कुणी फारसं वाचत नाही. लोक थेट खालची कमेंट वाचतात आणि पहार शोधायला लागतात.