तळाचा खडा

“वैनी, ते आधी खाली काढ. किती वेळा सांगू?”

“देव्हाऱ्यात बसलेलं असं वाटंल तवा उचलत न्हाईत, ताई. आठ दिस म्या त्याला हळदकुंकू वाहतीय.”

“तो देव न्हाई.”

“मग काय हाय?”

स्नेहलच्या खांद्यावरची सॅक अजून उतरली नव्हती. मालवणहून निघालेली पोरगी दुपारी घरी पोचली, पाय धुतले आणि पाणी प्यायला म्हणून आत आली, तर तिची नजर स्वयंपाकघराच्या कोपऱ्यातल्या देव्हाऱ्याकडे गेली. रत्नाने, तिच्या भावाच्या, धनाजीच्या बायकोने, पुढे केलेला पाण्याचा तांब्या तसाच ओट्यावर राहिला होता.

देव्हाऱ्यात खंडोबाच्या टाकाशेजारी तळहाताएवढा एक पांढरा तुकडा होता. झाडाच्या वाळक्या डहाळीसारखा, तीन फांट्यांचा. अंगभर सुईने टोचल्यासारखी बारीक भोकं. हळद त्या भोकांत जाऊन बसली होती. रत्नाने एकदा जुन्या ब्रशने घासून पाहिली, पण निघाली नव्हती.

“प्रवाळ हाय ते,” स्नेहल म्हणाली. “कुठून आलं घरात?”

रत्नाने सासूकडे पाहिलं. चंद्राबाई दारात सूप घेऊन बसल्या होत्या. तांदूळ निवडून झाले होते, तरी त्यांची बोटं त्यातच फिरत होती.

“आत्यांनी आणलं,” रत्ना म्हणाली. “तुमच्याकडनंच. तुमाला ठावं न्हाई व्हय?”

स्नेहलने सॅक खाली ठेवली आणि भिंतीला टेकून बसली.

चंद्राबाईंना धरणाच्या अलीकडच्या सगळ्या वाड्या ओळखत होत्या, त्या पाण्यामुळे. त्यांचं माहेर वेल्ह्याकडचं. वडील गेनबा यांनी पाठीला वाळका भोपळा बांधून त्यांना सात वर्षांची असताना नदीच्या डोहात सोडलं होतं. एक उन्हाळा भोपळा पाठीला राहिला, दुसऱ्या उन्हाळ्यात घरी खुंटीला. गेनबाचा एकच नियम होता. नव्या पाण्यात उतरलं की तळ गाठायचा आणि तळाचा खडा मुठीत घेऊन वर यायचं. खडा आणला नाही तर ते पोहणं गेनबा धरत नसे. विहीर असो, डोह असो, चंद्राबाईंनी प्रत्येक पाण्यातला पहिला खडा आणला होता आणि गेनबाने तो देव्हाऱ्यात ठेवला होता. लग्न होऊन त्या भोर तालुक्यात, भाटघरच्या फुगवट्याकाठी आल्या, तेव्हा सासरच्या देव्हाऱ्यातही चार खडे ठेवून झाले. सासूने काही दिवस तोंड वाकडं केलं. मग शेजारणीची कळशी विहिरीत पडली, ती चंद्राबाईंनी काढून दिली, आणि सासूच आल्यागेल्याला ते खडे दाखवू लागली.

तेव्हापासून हे काम मागेच लागलं. कुणाचा पोहरा, कुणाची घागर, ट्रॅक्टरची चावी. धरणातून शेताला पाणी उपसणाऱ्या मोटारींच्या पाइपाच्या तोंडाशी झडप असते. तिला सगळे फुटवॉल म्हणतात. तिच्यात शेवाळ अडकलं की मोटार नुसती घुरघुरते. बापये गडी काठावर उभे राहून एकमेकांकडे बघत आणि शेवटी कुणीतरी त्यांच्या नवऱ्याकडे, कुंडलिककडे येई.

“चंद्राबाईला जरा पाठवता का?”

कुंडलिकला ते कधी आवडलं नाही, पण तो नाही म्हणाला नाही. चंद्राबाई लुगड्याचा काचा मारून दीड-दोन पुरुष खाली जात. त्या पाण्यात दिसत काहीच नसे. गाळ उठला की डोळे मिटलेले आणि उघडे सारखेच. सगळं हाताने. हातानेच चावी, हातानेच शेवाळ. एकदा पोहरा शोधताना हाताला सोन्याची फुली लागली होती. कुणाची ते कुणालाच आठवेना. चंद्राबाई ती पदराला बांधून तीन वाड्या फिरल्या आणि चौथ्या वाडीतल्या म्हातारीला देऊन आल्या. पाण्यातलं ज्याचं त्याला, एवढंच त्या म्हणाल्या. त्यावर रत्नाने पुढे कधीतरी टोमणा मारला होता, “आत्यांनी एवढी वर्षं बुड्या मारल्या, पर घरात आले ते खडेच.”

स्नेहलला पोहायला त्यांनीच शिकवलं. भोपळ्याऐवजी तेलाचा रिकामा डबा होता, एवढाच फरक. भोरला कॉलेज केलेली ती पोरगी मालवणला गेली, समुद्रात बुडी मारायचं रीतसर शिकली आणि चार वर्षांपासून तिथल्या एका बोटीवर पर्यटकांना प्रवाळ दाखवायचं काम करत होती. डोळ्यांना काचेचा मुखवटा, तोंडात नळी, अंगात तरंगायचं जॅकेट. माणसं पाण्यावर पालथी पडायची आणि खालचा बगीचा बघायची.

भाताची झोडणी उरकल्यावर चंद्राबाई पहिल्यांदा मालवणला गेल्या. समुद्र त्यांनी त्याआधी पाहिला नव्हता. दुसऱ्या दिवशी स्नेहलने त्यांना आपल्याच बोटीवर घेतलं. बोटीवर बाकीची सात माणसं पुण्याची, एकालाही पोहता येत नव्हतं.

“कशाला हात लावायचा नाही, कशावर पाय टेकवायचा नाही,” स्नेहलने सगळ्यांना सांगितलं.

हे या पुण्याच्या माणसांसाठी चाललंय, असं चंद्राबाईंना वाटलं.

मग त्यांनी तोंड पाण्यात घातलं आणि तळ दिसला. इतकी वर्षं पाण्यात काढली, पण तळ डोळ्यांनी कधी पाहिला नव्हता. लुगड्याच्या काठासारखे पट्टे असलेले मासे त्यांच्या हाताखालून गेले. दगडांना फांद्या फुटल्या होत्या. चंद्राबाई बराच वेळ तशाच पडून राहिल्या. मग त्यांच्यातली गेनबाची पोरगी जागी झाली.

एका बाईच्या नाकातोंडात पाणी गेलं म्हणून स्नेहल तिला धरून बोटीकडे नेत होती. चंद्राबाईंनी जॅकेट काढून दोरीला अडकवलं आणि बुडी मारली. ते पाणी माणसाला खाली जाऊ देईना, सारखं वर ढकलत होतं. तळ जेमतेम दीड पुरुष, पण घरच्या धरणापेक्षा दुप्पट जोर लागला. सुटा खडा कुठे दिसेना, म्हणून त्यांनी फांटा धरला. तो वाळल्या कुरडईसारखा कट्‌दिशी मोडला. वर येऊन त्यांनी तो ओच्यात खोवला आणि जॅकेट घातलं. खोलीवर गेल्यावर स्नेहलला सांगू, असं त्यांच्या मनात होतं. पण त्या दिवशी बोटीवरून उतरल्यापासून पोरगी नुसती धावत होती, आणि दुसऱ्या दिवशी पहाटे चंद्राबाईंची एसटी होती.

“दुसऱ्या दिवशी मालक खाली उतरला,” स्नेहल आता सांगत होती. आवाज चढलेला नव्हता. “तर एक फांदी मोडलेली, ताजी. आदल्या दिवशी तिथं फक्त माझी माणसं होती. त्यानं विचारलं. म्या म्हटलं, सात जणांना जॅकेट काढायची हिंमत नव्हती आणि आठवी माझी आई. तिची हमी माझी.”

रत्नाने ओट्यावरचा तांब्या उचलून तिच्यापुढे ठेवला.

“तो म्हणाला, खरं काय ते कळेपर्यंत पाण्यात उतरू नको. काठावर बसवलं मला. लोकांनी वापरलेली जॅकेटं धुवायची, वाळत घालायची. बारा दिवस धुतली. मग काल भांडले त्याच्याशी. म्हटलं, मला खोटं पाडतोस, तुझं काम नको मला.” तिने देव्हाऱ्याकडे पाहिलं. “खोटी मीच होते.”

बाहेर ओटीवर सुपारी कातरत बसलेला कुंडलिक आत आला. त्याने सगळं ऐकलं होतं.

“झालं ते बरं झालं,” तो म्हणाला. “आता हितंच ऱ्हा. रविवारी शिवऱ्याची माणसं येणार हायेत तुला बघायला. पोराचं हायवेला दुकान हाय. पाण्याबिण्याचं मिटलं एकदाचं.”

“आबा, मला परत जायचंय.”

“कुठं? तूच काम सोडून आली न्हवं?”

“त्याला खरं सांगितलं तर घेईल. न सांगता म्या कुठल्या तोंडानं जाऊ?”

“मग सांग की, पुण्यावाल्यानं मोडलं. कोण बघायला गेलंय?”

“मामंजी, तसं कसं,” रत्ना मध्येच म्हणाली. “पर ताई, एवढ्याशा दगडाचं एवढं काय? समुद्रात दगडाला तोटा हाय का?”

“वैनी, हे आणलं तेव्हा याला वास आला का?”

रत्नाच्या कपाळाला आठी पडली. “आला की. बोंबलासारखा. पाच दिस पत्र्यावर वाळवलं, निरम्यात बुडवलं, तरी जाईना. मांजर बसायची त्याच्याजवळ. रंग बी तपकिरी व्हता, मग पांढरं पडलं.”

“दगडाला वास येतो का?”

चंद्राबाईंची सुपातली बोटं थांबली.

“जीव असतात त्यात,” स्नेहल म्हणाली. “या प्रत्येक भोकात एक. एवढं वाढायला कितीतरी वर्षं लागतात. म्हणून हात लावायचा न्हाई. सरकारची बंदी हाय. घरात सापडलं तर केस होते.”

“म्हंजे आता पोलीस बी यायचे दारात,” कुंडलिक म्हणाला. “रत्ना, ते उचल आन धरणात टाक. आत्ताच्या आत्ता.”

“म्या देव्हाऱ्यातलं उचलणार न्हाई, मामंजी. तुमी उचला.”

कुंडलिक देव्हाऱ्यापर्यंत गेला, टोपी सारखी केली आणि तसाच उभा राहिला.

चंद्राबाईंनी सूप बाजूला ठेवलं. गुडघ्यावर हात देऊन उठल्या. वास त्यांनाही आला होता, सगळ्यांच्या आधी, एसटीतच. शेजारी बसलेल्या बाईने नाकाला पदर लावला होता आणि चंद्राबाईंनी पिशवी पायांखाली सरकवली होती. धरणातल्या मेलेल्या माशाचा वास त्या न चुकता ओळखत. या वेळी ओळखूनही त्यांनी रत्नाला काही सांगितलं नव्हतं. वाळला की जाईल, एवढंच मनाला सांगितलं होतं.

“स्नेहल,” त्या म्हणाल्या, “तू बोटीवर सांगितलं व्हतं हात लावू नका. म्या ऐकलं व्हतं.”

“मग?”

“मला वाटलं, ते ज्यांना पवता येत न्हाई त्यांच्यासाठी.”

स्नेहलला हसू येईल असं क्षणभर वाटलं, पण आलं नाही. “आई, पोहता न येणारे वरच तरंगतात. तिथवर जायला तुझ्यासारखंच कुणीतरी लागतं.”

चंद्राबाईंनी देव्हाऱ्यातून तो तुकडा उचलला. त्याच्याजवळचे चार खडे, धरणाचा, विहिरीचा आणि ओढ्यांतले दोन, जागच्या जागी राहिले. तुकडा त्यांनी एका धुतलेल्या फडक्यात गुंडाळला आणि रिकाम्या डब्यात ठेवला. झाकण घट्ट बसलं ना ते दोनदा पाहिलं.

“परत नेऊन लावता येत न्हाई ते,” स्नेहल म्हणाली. “मेलंय.”

“व्हय. कळलं.”

“मालक वनखात्याला कळवेल. तुझं नाव लिहून घेतील.”

“लिहू द्या. नाव खरंच हाय.”

“अगं, पर रविवारी माणसं यायचीत,” कुंडलिक म्हणाला. “पोरगी घरात पायजे. आन तू बी. कोण बोलंल त्यांच्याशी?”

चंद्राबाईंनी खुंटीवरची पिशवी काढली, तीत डबा ठेवला, वरून एक लुगडं घातलं. स्वयंपाकघराच्या दाराशी येऊन उभ्या राहिल्या. तिथून तिघेही दिसत होते.

“रत्ना, सकाळी भाकऱ्या थोड्या जास्त टाक. कापूरहोळला मालवणची गाडी मिळंल, धनाजी मला गाडीवर तिथपतुर सोडंल. त्या मालकाला म्या सांगणार हाय, ह्ये म्या मोडलं. शिवऱ्याच्या माणसांना आज फोन करून सांगा, रविवारी येऊ नका.”