पडद्यातला डावा हात

मस्तगड मोहल्ल्यात अकबरबी मनियार यांच्या दुकानात बांगड्या भरायला पार अंबडहून बायका यायच्या. हात कितीही जाड असो, अकबरबी तो आपल्या डाव्या पंजात दाबून असा मऊ करायच्या, की उजव्या हातानं बांगडी कधी चढवली ते कळायचंही नाही.

२००५च्या उन्हाळ्यात एका गिऱ्हाइकाचा हात धरलेला असतानाच तो डावा पंजा सुटला. तोंड वाकडं झालं. सून सलमानं रिक्षातून दवाखान्यात नेलं. लकवा होता. दोन महिन्यांत अकबरबी काठी टेकत चालू लागल्या, बोलणंही सुधारलं. पण डावा हात खांद्यापासून लटकतच राहिला.

दवाखान्यात व्यायाम शिकवणारे तरुण डॉक्टर भुजंग यांनी पुण्याहून एक यंत्र आणलं होतं. टीव्हीवर छोटा कॅमेरा, पडद्यावर आपण स्वतःच, आणि वरून पडणारे रंगीत गोळे. पडद्यातला हात लागला की गोळा फुटायचा.

"खाला, डाव्या हातानं फोडा."

पहिल्या दिवशी एकही फुटला नाही. दुसऱ्या दिवशी सात फुटले, पण सगळे उजव्या हातानं.

"हा लबाड हाय," अकबरबी उजव्या हाताकडं पाहून म्हणाल्या. "सलमा, बांध याला माझ्या कमरेला."

सलमा कचरली. "अम्मी, तोल गेला मंग?"

"तू कशाला उभी हायेस? बांध."

सलमानं ओढणीनं हात बांधला. खांदा उचलता उचलता अकबरबींना घाम फुटला, डोळ्यांत पाणी आलं. त्या दिवशी तीन गोळे फुटले. ईदपर्यंत चाळीस फुटू लागले. डॉक्टर खूश झाले, अकबरबी नाही.

"डॉक्टरसाब, गोळे फुटून राह्यले, पण साधा पेला धरता येत न्हाई. त्या गोळ्याला वजनच न्हाई, तर बोटं दाबणार काय?"

भुजंगांनी त्यांची डावी बोटं हातात घेऊन पाहिली. "खरंय खाला. हे यंत्र हात उचलायला लावतं, बोटांचं त्याला कळत नाही. बांगडी भरताना तुमची बोटं काय करतात, मला दाखवा."

दुसऱ्या दिवसापासून अर्धा तास गोळे आणि अर्धा तास डाव्या हातानं सलमाचा पंजा दाबणं, असं सुरू झालं. दाबून दाबून तिचा पंजा लाल व्हायचा.

"दुखून राह्यलं का?"

"हो, अम्मी."

"मंग बराबर हाय. जोर येऊन राह्यला."

वर्षभरानं लग्नसराईत अकबरबी दुकानात बसल्या. टेंभुर्णीच्या पुष्पाबाई लेकीला घेऊन आल्या होत्या. पहिल्या दोन बांगड्या फुटल्या. पुष्पाबाईंच्या कपाळावर आठी पडली. अकबरबींनी मुलीचा पंजा सोडला नाही. पुन्हा दाबला, हळूहळू, आणि तिसरी बांगडी चढवली. मग उरलेला चुडा भरायला पाऊण तास लागला.

डाव्या हाताची दोन बोटं वाकडी राहिली ती राहिलीच. जाड हात आले की आता सलमा पुढं होते. वर्षभर पंजा दाबून घेता घेता तिला हात मऊ करायची ती कळ सापडली होती.