दैदच्या टोमॅटोवरची बंबलबी

२००९च्या सुरुवातीला, दुबईतली अर्धी मंडळी बॅगा भरत असताना, आम्ही बंबलबी शोधायला निघालो. बॅगा आमच्याही भरलेल्याच होत्या. मंदीच्या क्रॅशमध्ये माझी नोकरी गेली होती आणि पुढच्या गुरुवारचं पुण्याचं विमान होतं. पण नऊ वर्षांच्या रेवाचा सायन्स प्रोजेक्ट राहिला होता. ब्रिटिश शाळा! 'आपल्या बागेतली नेहमीची बंबलबी ओळखा.' आमची बाग म्हणजे सिलिकॉन ओएसिसच्या सातव्या मजल्यावरची एक तुळस.

"नेटवरचा फोटो चिकटव ना," मी म्हटलं.

"नो, बाबा. मिस मुलांनी स्वतः काढलेलेच फोटो बोर्डवर लावते. आय वॉन्ट माय नेम देअर. आपण गेल्यावरपण."

झालं! शुक्रवारी सकाळी गाडी काढली.

शारजाहून दैदचा, म्हणजे शेतीवाडीच्या गावाचा, रस्ता सरळसोट, झोप येईल इतका. वाटेत कॅफेटेरियासमोर हॉर्न वाजवा, कडक चहा गाडीच्या खिडकीत येतो. एक दिरहम. "म्हणजे तेरा रुपये!" माझी बायको मानसी म्हणाली. इतक्या वर्षांत तिचा हा गुणाकार काही सुटला नाही.

तिथेच कुंपणावरच्या फुलांवर एक गलेलठ्ठ काळा भुंगा दिसला, पाठीवर पिवळा. मी धडाधड फोटो काढले. "खलास! यल्ला, चला घरी!"

रेवाने कॅमेऱ्यात डोकं घातलं. "पोट बघ, बाबा. इट्स शायनी. बंबलबी केसाळ असते, तिचं टोक पांढरं असतं. धिस इज अ कार्पेंटर बी. लाकूड पोखरते ती."

"मिसला काय कळणार आहे? आणि गुरुवारी आपण विमानात."

"पण मला कळलंय ना!"

ही पोरगी आमच्या मॅनेजमेंटमध्ये असती तर कंपनी बुडाली नसती.

मग दैदजवळ ग्रीनहाउसचा मॅनेजर असलेल्या सावंतला, माझ्या कुडाळच्या मित्राला, फोन लावला. (तुम्हीही ओळख काढूनच जा, आणि थंडीतच जा.) आत दमट उकाडा, टोमॅटोच्या उंच वेली आणि पिवळ्या फुलांना लटकलेल्या त्या! दोन पिवळे पट्टे, स्वेटर घातल्यासारखी अंगभर लव.

"व्हाइट टेल!" रेवा किंचाळली. असा आनंद त्या महिन्यात आमच्या घरात कुणाला झाला नव्हता.

"ह्या युरोपातून येतात, विमानाने, खोक्यात बसून," सावंत सांगत होता. "दीड-दोन महिने काम करतात. मग आम्ही नवीन खोकं मागवतो."

"आणि जुन्या?"

"जुन्या खलास. बाहेर सोडायची परवानगी नाही. आणि सोडल्या तरी ह्या वाळूत खातील काय?"

"आपल्याला निदान परतीचं तिकीट दिलंय," मानसी पुटपुटली. सावंत हसला, पण जरा उशिरानेच.

आता पुण्यात बसून हे लिहितोय. दुबईला काय पाहिलंत, असं कुणी विचारलं की मी बंबलबी सांगतो, आणि लोक विषय बदलतात. पण मला आठवतो तो रविवार. (तिथे तेव्हा शुक्रवारी सुट्टी आणि रविवारी शाळा.) फोटो बोर्डावर लागला होता, खाली रेवाचं नाव. आम्ही दुबई सोडणार हे शाळेच्या ऑफिसला माहीत होतं, पण मिसपर्यंत ते पोचलं नव्हतं. ती खुशीत म्हणाली, "पुढच्या टर्मला फुलपाखरं! रेवा लीडर!"

"इन्शाल्ला, मिस," रेवा म्हणाली.

गाडीत बसल्यावर मी विचारलं, "असं टाळायला कुठे शिकलीस गं?"

"यू सेड इट, बाबा. मी विचारलं होतं ना, आपण इथेच राहणार का म्हणून."