अण्णा आणि कासवाचं पोट

मंडळी, आज नारायणगावात अण्णांचा, म्हणजे माझ्या वडिलांचा, एमआरआय होता. डोक्यात गाठ असल्याचा डॉक्टरांना संशय आहे.

मशीनचा तो अरुंद बोगदा बघून अण्णा मागं सरकले. "मी आत जायचो न्हाई."

लहानपणी ते मला एका पुस्तकातली गोष्ट वाचून दाखवायचे. त्यातली मुलगी कासवाच्या पोटात बसून काळी नदी पार करते. मला तीच आठवली. म्हटलं, "अण्णा, कासवाच्या पोटात बसायचंय."

"डोळं मिटून बसली व्हती ना ती?" एवढंच त्यांनी विचारलं आणि आडवे झाले.

बाहेर आल्यावर म्हणाले, "लई आवाज करतंय गं तुझं कासव."

ते हसले, मला मात्र रडू आवरेना. रिपोर्ट उद्या मिळेल. अशा वेळी तुम्ही कशाचा आधार घेता?